रविवार कुणाच्या खिशात गेला?

मागे एका सायंकाळी एक भगिनी मार्च महिन्याची पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. एका खासगी रुग्णालयात ती बिलाच्या खिडकीवर काम करते. महिना २६,००० रुपये पगार. (आकडे वाचकांना समजायला सोपे जावेत म्हणून मी थोडेसे गोल केले आहेत.) सोळा मार्चपासून तिची प्रसूती रजा सुरू झाली. पाच आठवड्यांचे बाळ तिच्या खांद्यावर झोपलेले होते आणि सोबत सासूबाई होत्या. चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. पहिली ओळ, हजर दिवस १२, वेतन रुपये १०,०६५. दुसरी ओळ, प्रसूती लाभ १४ दिवस, रुपये १२,१३३. एकूण रुपये २२,१९८.

"ताई, रजा भरपगारी आहे म्हणतात ना? मग महिन्याच्या मधोमध रजा सुरू झाली म्हणून पगार चार हजारांनी खाली कसा येतो?" तिने विचारले.

मी काही बोलण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना गं. घरी बसून पैसे मिळतात हेच नवल. आम्ही नाक्यावर उभ्या राहायचो. सातव्या महिन्यापर्यंत घमेली उचलली. कुणी विचारलं नाही."

त्या माउलीचे म्हणणे मी मनातून बाजूला सारू शकत नाही. नाक्यावरच्या बाईच्या बाळंतपणाचा हिशेब आजही कुणी ठेवत नाही, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु ज्या आयाबहिणी शिकून, अर्ज करून, नेमणूकपत्र मिळवून पहिल्यांदाच महिन्याच्या पगारावर आल्या, त्यांच्या हातात कायदा असूनही पैसे कमी पडतात, तेव्हा ते कसे पडतात हे समजून घेतले पाहिजे. हे पैसे कुणी दरोडा घालून नेत नाही. ते भागाकारात जातात.

आपण बोटांवर मोजू. बारा आणि चौदा मिळून सव्वीस. मार्चचे दिवस एकतीस. मग पाच दिवस गेले कुठे? त्या मार्चमध्ये एक तारखेलाच रविवार होता. म्हणजे १, ८, १५, २२ आणि २९ हे पाच रविवार. तिच्या चिठ्ठीतून गायब झालेले पाच दिवस नेमके हेच.

आता कोणी म्हणेल, रविवारी काम नाही तर पैसा कशाचा? ठीक आहे, क्षणभर हे मान्य करू. रविवार मोजायचाच नसेल तर मार्चमध्ये कामाचे दिवस सव्वीस होते. २६,००० ला २६ ने भागले तर रोजचे १,००० रुपये होतात. बारा दिवसांचे १२,००० व्हायला हवेत. तिला मिळाले १०,०६५. कारण हिशेबनिसाने पगाराला भागले एकतीसने आणि गुणले बाराने. भागताना पाचही रविवार धरले, त्यामुळे रोजचा दर घसरून ८३९ रुपयांवर आला. गुणताना मात्र रविवार वगळले. रविवार एकच, पण मालकाच्या सोयीने तो एका ठिकाणी दिवस असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसतो.

दुसऱ्या ओळीतही हेच घडले. मागच्या तीन महिन्यांचा पगार ७८,०००. त्या तीन महिन्यांचे दिवस नव्वद. भागाकार ८६६ रुपये ६७ पैसे. इथे भागताना सगळे रविवार आत घेतले. मग १६ ते ३१ मार्च हे सोळा दिवस झाले, त्यातून २२ आणि २९ काढून टाकले आणि चौदाने गुणले. झाले १२,१३३.

भागताना रविवार धरला असेल तर गुणतानाही धरावा लागतो, आणि गुणताना सोडायचा असेल तर भागतानाही सोडावा लागतो. वाचक भगिनींनी या लेखातले दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, एवढे मात्र ठेवावे. तिच्या रुग्णालयाच्याच दराने रास्त हिशेब केला तर १ ते १५ मार्च हे पंधरा दिवस वेतनाचे, म्हणजे २६,००० भागिले ३१ गुणिले १५, रुपये १२,५८१. सोळा दिवस लाभाचे, ८६६.६७ गुणिले १६, रुपये १३,८६७. बेरीज २६,४४८. चिठ्ठीत होते २२,१९८. फरक ४,२५० रुपयांचा.

रजा महिन्याच्या अधेमधे सुरू झाली की त्या महिन्याचे दोन तुकडे पडतात. रजेच्या आदल्या दिवसापर्यंतचे ते वेतन. रजेच्या पहिल्या दिवसापासून पुढचा तो प्रसूती लाभ. ही दोन वेगळी देणी आहेत, दोन वेगळ्या कलमांखाली येतात आणि त्यांचा रोजचा दर वेगवेगळा निघू शकतो. पण या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत एकही दिवस पडता कामा नये. महिना एकतीसचा असेल तर दोन ओळींतील दिवसांची बेरीज एकतीसच आली पाहिजे. रजा सोमवारी सुरू झाली म्हणून आधीचा रविवार बेवारस होत नाही. तो तिने सहा दिवस राबून कमावलेला असतो.

या भगिनीचे काम बिले करण्याचे. मी तिला विचारले, "रुग्ण शनिवारी दाखल झाला आणि सोमवारी घरी गेला, तर तुमचे रुग्णालय खाटेचे किती दिवस लावते?" ती हसली. म्हणाली, "तीन. आल्याचा दिवस पूर्ण, गेल्याचा दिवसही पूर्ण." रविवार वगळत नाही का? "ताई, रविवार कसा वगळतील?" त्याच संगणकावर, त्याच इमारतीत रुग्णाचा रविवार पैशाचा असतो आणि बाळंतिणीचा रविवार शून्याचा.

हा प्रश्न नवा नाही. त्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच निकाल दिलेला आहे. बी. शाह विरुद्ध कामगार न्यायालयाचे पीठासीन अधिकारी, कोईम्बतूर, असे त्या खटल्याचे नाव. मळ्यात काम करणारी एक मजूर स्त्री बाळंत झाली. तेव्हाच्या कायद्यात रजा बारा आठवड्यांची होती. मळ्याच्या मालकाने आठवड्याचे सहा दिवस धरले आणि बहात्तर दिवसांचे पैसे दिले. रविवारी काम नसते, मजुरीही नसते, तेव्हा लाभही नाही, हा त्याचा युक्तिवाद. ती बाई म्हणाली, बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. बारा रविवारांच्या मजुरीचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितले, आठवडा म्हणजे सात दिवसांचे चक्र, त्यात रविवार आलाच. प्रसूती लाभ हा सामाजिक न्यायाच्या हेतूने केलेला कायदा आहे. त्याने बाईला नुसते जगवायचे नाही, तर तिची झिजलेली ताकद भरून आली पाहिजे, मुलाला पाजता आले पाहिजे. म्हणून पूर्वी कमावत होती तेवढे तर तिला मिळावेच, शिवाय रविवारचे आणि सुट्टीचेही मिळावे.

त्याहीपूर्वी, १९४३ साली, हाच मुद्दा दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात आला होता आणि तो मांडणारे होते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खाणीतील स्त्रियांसाठी १९४१ चा प्रसूती लाभ कायदा होता. त्यात लाभ मिळण्यासाठी बाई 'कामावरून गैरहजर' असली पाहिजे अशी शब्दयोजना होती. मग शंका निघाली की एखाद्या दिवशी खाणच बंद असेल तर? कामच नाही, तर बाई कामावरून गैरहजर कशी? आणि गैरहजर नाही तर लाभ कसा? ही संदिग्धता काढून टाकण्यासाठी बाबासाहेबांनी दुरुस्ती विधेयक आणले. लोक बाबासाहेबांना संविधानाचे शिल्पकार म्हणून ओळखतात, ते योग्यच आहे. परंतु खाण बंद असलेल्या दिवशी बाळंतिणीच्या हातात पैसे पडावेत म्हणून कायद्यातला एक शब्द दुरुस्त करत बसलेले बाबासाहेबही आपण ओळखले पाहिजेत. त्याच्याही पंधरा वर्षे आधी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु स्त्रियांच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे राहता येणार नाही, ही त्यांची मांडणी होती. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूती साहाय्याची तरतूद आली. १९६१ मध्ये सबंध देशासाठी कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांचे सव्वीस आठवडे झाले. दोन किंवा अधिक हयात मुले असलेल्या स्त्रीला मात्र बाराच आठवडे राहिले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९६१ च्या कायद्याची जागा तिने घेतली. त्यामुळे अनेक ठिकाणी हिशेबनीस सांगू लागले आहेत की जुना कायदा गेला, जुने निकालही गेले. हे खरे नाही. संहितेच्या सहाव्या प्रकरणात तेच सव्वीस आठवडे आहेत. त्यापैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम झालेले असावे, ही अटही तीच. आणि हिशेबाचा गाभाही तोच, म्हणजे प्रत्यक्ष गैरहजेरीच्या काळासाठी सरासरी दैनिक वेतनाच्या दराने लाभ. जिथे शब्द तेच ठेवले आहेत तिथे त्या शब्दांचा लावलेला अर्थही टिकतो, असे आम्ही वकील मंडळी न्यायालयात रोज सांगत असतो.

सरासरी दैनिक वेतन म्हणजे काय, तेही कायद्यानेच सांगितले आहे. रजा सुरू होण्याच्या लगत आधीच्या तीन महिन्यांत ज्या दिवशी तिने काम केले, त्या दिवसांच्या वेतनाची सरासरी. इथे 'ज्या दिवशी काम केले' या शब्दांवर बोट ठेवून वाचावे, कारण गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने कुणाचेही सुरळीत जात नाहीत. रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, डॉक्टर पडून राहायला सांगतात. या भगिनीची एक मैत्रीण आहे. तिचा पगारही तेवढाच. तिने या तीन महिन्यांत पंधरा दिवस बिनपगारी घेतले होते. १३,००० कापले गेले आणि हातात आले ६५,०००. तिच्या कार्यालयाने ६५,००० ला नव्वदने भागले. रोजचे ७२२ रुपये निघाले, आणि याच दराने पुढचे सव्वीस आठवडे. वास्तविक ज्या पंधरा दिवसांचे वेतन वर धरले नाही, ते पंधरा दिवस खालीही धरता येत नाहीत. ६५,००० ला पंच्याहत्तरने भागायचे. उत्तर ८६६.६७. रोजच्या १४४ रुपयांचा फरक किरकोळ वाटतो. पण १८२ दिवसांत तो २६,२८९ रुपयांवर जातो. म्हणजे आजारपणाचा पगार एकदा कापला आणि त्याच आजारपणासाठी पुन्हा एक अख्ख्या महिन्याचा पगार कापला!

माझ्याच व्यवसायातल्या एखाद्या मित्राला इथे एक शंका येईल, म्हणून ती आधीच मांडते. 'ज्या दिवशी काम केले' असे म्हटले, तर महिन्याच्या पगारवाल्या बाईसाठीही भागाकार नव्वदने न करता प्रत्यक्ष कामाच्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर दिवसांनी का करू नये? तसा केला तर रोजचा दर हजारावर जातो. उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या बाबतीत महिन्याला सव्वीसने भागायचे हे सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात १९८० सालीच मान्य केले आणि पुढे ते कायद्यातही लिहिले गेले. रोजंदारीवरच्या स्त्रीच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. समजा रोज ५०० रुपये आणि आठवड्याचे सहा दिवस. तिची आठवड्याची कमाई ३,०००. रजेत मात्र तिला सात दिवसांचे ३,५०० मिळतात, आणि बी. शाह निकालाचा अर्थ नेमका हाच आहे. महिन्याच्या पगारात रविवारचा पगार आधीच धरलेला असतो, असे मालक म्हणू शकतो. त्यावर वाद होऊ शकतो आणि तो वाद मी आनंदाने लढेन. परंतु ती बाळंतीण भगिनी आज वाद जिंकायला आलेली नाही. तिला बाळाची लस आणि घरभाडे भरायचे आहे. म्हणून मी मालकाचाच नव्वदचा भागाकार घेतला आणि त्याच भागाकाराने त्याला बांधले. भागाकार त्याचा असेल, तर गुणाकारही पूर्ण १८२ चा. रविवार वगळून १५६ चा नाही. तिच्या रुग्णालयाच्या पद्धतीने सगळी रजा मोजली असती तर लाभ झाला असता १,३५,२००. पूर्ण मोजला तर १,५७,७३३. मार्चच्या चिठ्ठीतले दोन रविवार पाहून कुणाला वाटेल की एवढ्यासाठी वकील कशाला? पण असे आणखी चोवीस रविवार पुढे रांगेत उभे होते.

वेतन कशाला म्हणायचे हाही एक फासा आहे. पगाराचे तुकडे करून मूळ वेतन लहान ठेवायचे आणि बाकी भत्त्यांत दाखवायचे, ही जुनी युक्ती. नव्या संहितेत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता वगैरे वेतनाबाहेर काढले आहेत खरे, परंतु अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरची रक्कम वेतनातच धरायची, असेही म्हटले आहे. तेव्हा चिठ्ठीवर मूळ वेतन ८,००० आणि भत्ते १८,००० असे दिसले तर घाबरून जाऊ नये. त्या १८,००० चे भत्ते कोणकोणते आहेत ते आधी पाहावे. सगळेच वगळण्यासारखे असले, तरी त्यातले निम्म्यावरचे ५,००० पुन्हा वेतनात येतात.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची राज्य विमा वर्गणी कापली जाते, त्यांना लाभ मालकाकडून नव्हे तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून मिळतो. मागच्या दोन वर्गणी कालखंडांत मिळून सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली हवी. अशा भगिनींनी महिन्याचा तुटका पगार मालकाकडून आणि उरलेल्या दिवसांचा लाभ महामंडळाकडून, अशी दोन खाती ताडून पाहावीत, कारण इथे मधली फट जास्त रुंद असते. मालक म्हणतो, रविवार महामंडळ देईल. महामंडळ म्हणते, आमची तारीख सोमवारपासून. शासकीय सेवेत असलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे १८० दिवसांची रजा असते आणि दर महिन्याचा पगार चालू राहतो, त्यामुळे महिना तुटण्याचा प्रश्न येत नाही. रोजंदारीवरच्या, हजेरीपटावरच्या स्त्रियांनाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात २००० साली सांगितले. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली म्हणून लाभ तोडता येत नाही, हे कविता यादव खटल्यात २०२३ साली सांगितले. हे दोन निकाल आपल्या सफाई कामगार आणि कंत्राटी भगिनींनी नावानिशी लक्षात ठेवावेत.

आणि आम्ही वकील बायका? आम्ही कुणाच्या नोकर नाही, म्हणून आम्हाला ही रजाच नाही. आम्हाला फक्त तारीख मिळते.

पुन्हा त्या चिठ्ठीकडे येते. मी तिला विचारले, रजेचा अर्ज लेखी दिला होता का? दिला होता, पण 'मार्चच्या मध्यापासून' असे लिहिले होते. असे लिहू नये. तारीख लिहावी. कायद्यात सूचनेचा अर्जच असा आहे की कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणार ते त्यात नमूद करायचे. ती तारीख म्हणजे वेतन आणि लाभ यांच्यामधला बांध असतो. बांध कागदावर नसला की शेजारी नांगर आत घालतोच. (सूचना आधी दिली नाही म्हणून हक्क जात नाही, हेही सांगून ठेवते.) प्रसूतीचा दिवस स्वतः लाभाच्या दिवसांत मोडतो. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायची असते आणि उरलेली प्रसूतीचा दाखला दिल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत. प्रत्यक्षात सगळीकडे महिन्याच्या महिन्याला पगारासारखे देतात आणि बायकाही तेच सोयीचे मानतात. त्यात काही बिघडत नाही. परंतु कायद्याने ही रक्कम आधीच हातात पडायला हवी होती, हे माहीत असलेली बाई पैसे मागताना ओशाळत नाही.

एक गोष्ट तर माझ्याही लक्षात आली नसती. तिचे बाळंतपण त्याच रुग्णालयात झाले. कर्मचारी म्हणून बिलात सवलत दिली आणि त्यामुळे वैद्यकीय बोनस लागू नाही असे सांगितले. प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची देखभाल मालकाने मोफत दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस द्यावा लागतो. सवलत म्हणजे मोफत नव्हे. हे तिच्याच ध्यानात आले. बिले करणारी बाई होती ना!

आम्ही नोटीस पाठवली नाही. तिला पुन्हा त्याच खिडकीवर बसायचे आहे, म्हणून ती नको म्हणाली आणि मी तिचे ऐकले. तक्रार घेऊन श्रम विभागाच्या निरीक्षकाकडे जाता येते. नव्या संहितेत त्यालाच निरीक्षक व सुविधादाता असे काहीसे लांबलचक नाव दिले आहे. चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश तो काढू शकतो. तो मार्ग आम्ही राखून ठेवला. तिच्या सहीने एक पानाचे पत्र लिहिले. वर कोष्टक काढले, एक ते एकतीस तारखा, प्रत्येक तारखेसमोर 'वेतन' किंवा 'लाभ'. पाच रविवारांसमोरची चौकट रिकामी ठेवली आणि खाली एवढेच विचारले की हे पाच दिवस तुमच्या नोंदीत कुठे आहेत ते कळवावे.

हिशेबनिसाचा दूरध्वनी आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं. महिन्यात रजेचा शेरा पडला की संगणक हजर दिवस तेवढे उचलतो." मी म्हटले, "दादा, संगणकाला रविवार कुणी शिकवला?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आणखी तीन बायकांचे असेच झाले असेल, बघावे लागेल.

पुढच्या पगाराला मार्चचा फरक म्हणून ४,२५० रुपये तिच्या खात्यात जमा झाले. एप्रिलपासून लाभाच्या ओळीत पूर्ण दिवस दिसू लागले. वैद्यकीय बोनसचा विषय वरिष्ठांकडे आहे, असे उत्तर आले. सोळा मार्चपासून सव्वीस आठवडे म्हणजे १८२ वा दिवस येतो १३ सप्टेंबरला, आणि तोही रविवारच आहे. सोमवारी, चौदा तारखेला ती हजर होईल. सप्टेंबरची चिठ्ठी आली की ती घेऊन ये, असे मी तिला सांगून ठेवले आहे. परतीच्या महिन्याचेही दोनच तुकडे पडतात, आणि त्या तेरा तारखेच्या रविवारी कोण हक्क सांगतो ते आम्हाला पाहायचे आहे.

जाताना सासूबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. त्यांना वाचता येत नाही. सुनेला म्हणाल्या, "ते रविवार कुठं लिहिलेत ते मला दाखव."